मॅनेज्ड क्लाउड डेटाबेसचे फायदे ऐकून झाले, तोटे कोण सांगेल?

मानसी_परळ

नमस्कार मंडळी. परळला हिंदमाताच्या जरा अलीकडे आमचं ऑफिस आहे, तळमजल्यावर. सर्जिकल सामानाचा ठोक धंदा, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. मी बी.कॉम., पण घरात कॉम्प्युटर त्यातल्या त्यात मला कळतो, म्हणून लग्नानंतर ते खातं माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

बिलिंगचं सॉफ्टवेअर ओळखीतल्या एका मुलाने २०१४ मध्ये लिहून दिलं. विंडोजवर चालतं, खाली पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. डेटा ४० जीबी, त्यात निम्म्याहून जास्त जुन्या चलनांचे स्कॅन. नऊ जण दिवसभर बिलं फाडतात. सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटावर ठेवलेली एक मशीन. कपाटावर अशासाठी, की २६ जुलै २००५ ला दुकानात छातीएवढं पाणी होतं आणि सासरे ते अजून विसरलेले नाहीत. पाण्यातून वाचलो तर विजेने गाठलं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, यूपीएस चाळीस मिनिटांत झोपला, मशीन धाडकन बंद. लोकलही बंद, त्यामुळे तो मुलगा बदलापूरहून बाइकवर आला आणि संध्याकाळी डेटाबेस उठवून गेला.

आता ज्यांच्याकडून आम्ही कॉम्प्युटर घेतो ते मागे लागलेत, की मॅनेज्ड क्लाउड डेटाबेस घ्या, बॅकअप, पॅच, सगळं तेच बघतात, तुम्हाला काही बघावंच लागत नाही. विकणारा माणूस "काही बघावंच लागत नाही" म्हणाला की मला आमच्या बिल्डरची आठवण येते. ज्यांनी वापरलंय त्यांनी तोटे सांगा. फायद्यांचं ब्रोशर आहे माझ्याकडे.

हार्बर_लाइन

ताई, हिंदमाता म्हटल्यावर विषय संपला. डोळे झाकून घ्या.

पहाटे_चारचा_डीबीए

डोळे उघडे ठेवून घ्या, ताई. मी सात वर्षं मॅनेज्ड डेटाबेस वापरतोय आणि आजही तिथेच आहे. म्हणजे ही रोज त्याच ताटात जेवणाऱ्याची कुरकुर आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण निम्म्या भानगडी माझ्याच हातच्या.

आधी काम सांगतो. पेपर आणि दुधाच्या लाइनवाल्यांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. डोंबिवलीपासून भांडुपपर्यंत साठेक वितरक. कोणत्या घरी किती पिशव्या, कोणता पेपर, कोण गावाला गेलंय आणि कधीपर्यंत बंद, हे सगळं पोरं जिने चढता चढता मोबाइलवर बघतात. आमची गर्दीची वेळ पहाटे चार ते आठ.

सेवा घेताना आठवड्यातली एक मेंटेनन्स विंडो निवडावी लागते, अर्ध्या तासाची. त्या वेळात त्यांना पॅच मारायचा असेल किंवा लहानसं व्हर्जन चढवायचं असेल तर ते मशीन खाली घेऊ शकतात. मी विचार केला, पेपर चारला उतरतात, रात्री दोनला कोण कुत्रं जागं असतं? मंगळवार, ०२:०० टाकलं. ते यूटीसी होतं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडचे सकाळचे साडेसात.

पाच महिने काही झालं नाही. विंडो दर आठवड्याला येते, पण दर आठवड्याला काम असतंच असं नाही. सहाव्या महिन्यात एका मंगळवारी काम निघालं. मी सकाळच्या फास्टमध्ये, ठाणं सुटलेलं, दारापासून तिसरा. खिशात फोन थरथरतोय आणि हात खिशापर्यंत जात नाही. घाटकोपरला ढकलला गेलो म्हणून उतरलो. कन्सोल उघडला तर एकच शब्द: अपग्रेडिंग. स्वतःचा सर्व्हर असता तर एसएसएचने, म्हणजे दुरूनच लॉगिन करून, आत शिरलो असतो, लॉग पाहिला असता, कुठे अडकलंय ते तरी कळलं असतं. इथे आत जायला दारच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमला तुमचा हात लागत नाही, डेटाबेसमध्येही खरा सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, तुम्ही नसता, त्यांनी कापून-छाटून दिलेला एक अधिकार असतो. मी प्लॅटफॉर्मवर वडापावच्या स्टॉलला टेकून एक पान अठरा मिनिटं रिफ्रेश करत होतो. तेवढ्यात कांजूरच्या एका वितरकाने पोरांना सांगून टाकलं, सगळ्यांना नेहमीचं टाका. मे महिना. अर्धी इमारत कोकणात. बंद दारांपुढे दुधाच्या पिशव्या, संध्याकाळपर्यंत वास.

चूक माझी, वेळ मी निवडलेली. पण "काही बघावंच लागत नाही" या वाक्याची किंमत मला त्या दिवशी कळली. मशीन सांभाळायचं काम गेलं, आणि चुकीचा निर्णय घ्यायचं काम माझ्याकडेच राहिलं.

आता डिस्क. हे जरा लांबण आहे, पण पैसे इथेच गळतात.

आमच्याकडे रिपोर्ट काढायला एक मुलगा होता, सहा महिने. हुशार. मुख्य डेटाबेसमधले बदल उचलून दुसरीकडे न्यायला त्याने रिप्लिकेशन स्लॉट बनवला. स्लॉट म्हणजे डेटाबेसला दिलेला निरोप: मी येईपर्यंत माझा माल ठेवून द्या. डेटाबेस आज्ञाधारक असतो. प्रत्येक बदल आधी ज्या वॉल फायलींत लिहिला जातो, त्या फायली तो एरवी वापरून टाकून देतो. स्लॉट असला की जपून ठेवतो. मुलगा बंगळुरूला गेला, त्याची रिपोर्टची मशीन आम्ही बंद केली, स्लॉट राहिला. दूध चालूच ठेवून कुणी घर बदलावं तसं. पिशव्या साठत गेल्या.

स्वतःच्या सर्व्हरवर डिस्क भरली असती, बोंब झाली असती आणि त्याच दिवशी स्लॉट सापडला असता. इथे डिस्क आपोआप वाढायची सोय चालू होती, ब्रोशरमध्ये ती फायद्यांच्या यादीत असते. जागा कमी झाली की डिस्क वाढायची. १०० ची १२०, मग दीडशे, असं करत ३८० जीबी. काहीच बंद पडलं नाही म्हणून कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते बिलावरून, तेही तिसऱ्या महिन्यात, आमच्या अकाउंटंट बाईंना. खरा डेटा ३४ जीबी होता.

स्लॉट उडवणं एका ओळीचं काम. उडवला, जागा मोकळी झाली. डिस्क मात्र ३८० चीच आणि भाडंही ३८० चं, कारण डिस्क वाढवायचं बटण होतं, कमी करायचं नव्हतं. मग एकच वाट: नवी लहान मशीन घ्या, सगळा डेटा पीजी-डंपने, म्हणजे पोस्टग्रेसच्या प्रत काढायच्या हत्याराने, काढा, तिकडे भरा, अ‍ॅपला नवा पत्ता द्या. रविवारी मेगाब्लॉक होता, कुठे जायचं नव्हतंच. सकाळी अकराला सुरू केलं, साडेतीनला जेवलो. पोस्टग्रेस १३ पासून एक स्लॉट जास्तीत जास्त किती वॉल अडवून ठेवू शकतो याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते, आपण घालावी लागते. आम्ही तेव्हा १२ वर होतो.

आणि आता खरी गंमत. डिस्क ६० ची करून मी खूश. पुढच्या एक तारखेला महिन्याच्या बिलांची बॅच लावली, बावीस हजार घरं. एरवी पाऊण तासात हातावेगळी होणारी. दुपार झाली तरी अर्ध्यावर. सीपीयू आरामात, मेमरी आरामात आणि डेटाबेस चिखलातून चालल्यासारखा. कारण त्या जातीच्या डिस्कचा वेग आकारावर ठरतो. ती फुगलेली होती तेव्हा मला न मागता वेग मिळत होता. मी तिला बारीक केलं आणि वेगही बारीक झाला. सुरुवातीला थोडा वेळ उधारीवर जोर मिळतो, ती उधारी संपली की मूळ चाल. रोजच्या कामात हे कधीच दिसत नाही, महिन्याच्या एक तारखेला दिसतं. तुमच्याकडे मार्चएंडला दिसेल.

बॅकअपचं पटकन सांगतो. त्यांचे बॅकअप चांगले असतात, माझे कधी फसले नाहीत. पण ते त्यांच्याच आवारात असतात, ठरावीक दिवसच राहतात, आणि कालची दुपारची स्थिती परत हवी म्हटलं तर चालू मशीन मागे जात नाही, नवी मशीन उभी राहते, नव्या पत्त्याची. ती उठल्यावर पहिला काही वेळ मंद चालू शकते, कारण डेटा मागून हळूहळू येत असतो. म्हणून स्वतःची एक प्रत रोज रात्री बाहेर काढा. पीजी-डंपऑलने यूजरांसकट सगळं काढायला गेलात तर पासवर्डच्या तक्त्यापाशी परवानगी नाही म्हणून आपटेल. पासवर्ड वगळायचा पर्याय द्यावा लागतो आणि ते पासवर्ड वेगळे जपून ठेवावे लागतात. आणखी एक, डेटा आत न्यायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. मुंबईच्या पाच नाक्यांवरचा लहान गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात गेला, हा आहे अजून.

आता तुमच्याबद्दल. तुमचं सॉफ्टवेअर २०१४ चं, विंडोजवरचं, म्हणजे बहुतेक प्रत्येक टेबलावरचा पीसी थेट डेटाबेसशी बोलतो. मला सगळ्यात मोठा धोका इथे दिसतोय आणि ब्रोशरमध्ये तो नसणार. अशी सॉफ्टवेअरं एक स्क्रीन उघडायला दोन-तीनशे क्वेऱ्या मारतात, म्हणजे डेटाबेसला तेवढे प्रश्न विचारतात. ऑफिसातल्या वायरवर एक फेरी मिलिसेकंदाच्या आत होते, कुणाला पत्ता लागत नाही. मशीन क्लाउडमध्ये गेली, अगदी मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये गेली, तरी ब्रॉडबँडवरून जाऊन यायला धरा आठ मिलिसेकंद. तीनशे गुणिले आठ, अडीच सेकंद. रस्त्याच्या काँक्रिटीकरणात कुणी केबल तोडली आणि तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात, तर फेरी चाळीसची, स्क्रीन बारा सेकंदांनी. समोर हॉस्पिटलचा माणूस ग्लोव्ह्जच्या खोक्यासाठी उभा. क्लाउडमधला डेटाबेस ठणठणीत असेल, बिल मात्र फाटणार नाही.

तेव्हा त्या मुलाला सांगा, पोस्टग्रेसमध्ये लॉग-स्टेटमेंट 'ऑल' करायचं, एक बिल फाडायचं, लॉगमधल्या ओळी मोजायच्या, सेटिंग लगेच परत फिरवायचं. तो आकडा इथे टाका. तोवर कुठे सही करू नका.

ऐरोली_नाइट_शिफ्ट

वर दादांनी वेगाचं सांगितलं त्याचं छापील गणित देतो, कारण विकणारे हे बोलत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या जीपी२ डिस्कला प्रत्येक जीबीमागे सेकंदाला ३ आयओ, म्हणजे वाचायच्या-लिहायच्या फेऱ्या, मिळतात, किमान १००. शंभर जीबीला ३००. वर ३,००० पर्यंत उसळी मारता येते, पण ५४ लाख क्रेडिटच्या पुंजीतून. पूर्ण जोरात साधारण अर्ध्या तासात ती संपते. नव्या जीपी३ ला मुळातच ३,००० मिळतात. कोटेशनमध्ये नुसतं 'एसएसडी' लिहिलेलं असलं तर जात विचारा. आणि डिस्क कमी करायची वाट अ‍ॅमेझॉनने २०२४ च्या शेवटी ब्लू-ग्रीन पद्धतीतून दिली आहे. सरळ बटण अजून नाहीच, शेजारी दुसरी मशीन उभी करूनच जावं लागतं.

माझा मुद्दा वेगळा आहे. स्वतःच्या मशीनवर जुनं व्हर्जन कुजवत ठेवायचं स्वातंत्र्य असतं. ते चांगलं नाही, पण असतं. मॅनेज्डमध्ये घड्याळ त्यांचं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ५.७ चा मूळ सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला संपला. आरडीएसवर, म्हणजे अमेझॉनच्या मॅनेज्ड डेटाबेसवर, जे १ मार्च २०२४ नंतरही त्यावर राहिले त्यांना एक्स्टेंडेड सपोर्टचं भाडं लागू झालं. व्हर्जिनियातला दर पहिली दोन वर्षं प्रत्येक व्हीसीपीयूला (भाड्याने मिळणारा एक प्रोसेसर) तासाला १० सेंट. दोन व्हीसीपीयूची लहानशी मशीन, महिन्याला १४६ डॉलर फक्त जुनं राहण्याचे. तिसऱ्या वर्षी दुप्पट. मुंबईचा दर वेगळा, तो बघून घ्या.

आणि कधी कधी सेवाच गुंडाळतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरने मायएसक्यूएलचा सिंगल सर्व्हर १६ सप्टेंबर २०२४ ला बंद केला, पोस्टग्रेसचा २८ मार्च २०२५ ला, मारियाडीबीची सेवा तर १९ सप्टेंबर २०२५ ला अख्खीच. नोटीस भरपूर आधी देतात, फसवणूक नाही. पण हलायचं कधी हे घरमालक ठरवतो. पागडीच्या खोलीतून लीव्ह-लायसन्सवर गेल्यासारखं आहे: लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, आणि अकरा महिन्यांनी नवा करार.

लॉगचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. आरडीएसच्या पोस्टग्रेसवर ते मुळात तीन दिवस राहतात, जास्तीत जास्त सात. बाकीचे दुसऱ्या सेवेत पाठवा, तिचं बिल निराळं.

जुना_ओरॅकलवाला

मुलांनो, ऐकून घेतलं. आता म्हाताऱ्याचं ऐका. नरीमन पॉइंटला एसी मशीन रूममध्ये स्वेटर घालून बसलेला माणूस आहे मी.

स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा सुपरयूजर, हे कानाला गोड लागतं. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट त्यांनी स्वतःच जगासमोर मांडली आहे. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरची समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डंप कित्येक दिवस मुकाट फसत होता, कारण सर्व्हर ९.६ चा आणि डंपचं हत्यार ९.२ चं, फसल्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून वाचले, ते सहा तास गेलेच. ती तज्ज्ञांची कंपनी. परळच्या दुकानात कपाटावर काय होईल?

पहाटेच्या साहेबांनी इतक्या तक्रारी सांगितल्या, पण त्यांचाच दाखला बघा: सात वर्षांत डेटा एकदाही गेला नाही. दूध नासलं.

पहाटे_चारचा_डीबीए

काका, मान्य. म्हणून तर सोडलं नाही. पण प्रत बाहेर ठेवा हे मी दोन्हीकडे सांगेन. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं एक अख्खं खासगी क्लाउडच पुसलं गेलं, उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता म्हणून. दुसऱ्या जागी ठेवलेली जोडही त्याच झटक्यात गेली. त्यांची एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे होती, तीही कामी आली. हे त्यांनीच जाहीर केलेलं आहे.

गिरगाव_ग्रंथालय

तांत्रिक माणूस नाही, पण एक अनुभव. आमच्या ग्रंथालयाची सूची पोस्टग्रेसमध्ये आहे. शोध नीट चालावा म्हणून 'आणि', 'व', 'चा', 'ची', 'मध्ये' असे शब्द वगळायची यादी एका सभासदाने मेहनतीने केली होती. पोस्टग्रेसमध्ये हिंदीला, तमिळला, नेपाळीला शब्दांची मुळं ओळखायची सोय तयार मिळते, मराठीला मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. ती यादी सर्व्हरच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवावी लागते. मॅनेज्डवर गेल्यावर कळलं, फोल्डरच आपला नाही. फाइल ठेवायला जागा नाही, म्हणजे यादी नाही. विचारलं तर उत्तर आलं, की याची सोय नाही. आता 'माणसाचा' शोधलं की 'माणूस' येत नाही ते नाहीच, वर 'आणि' शोधलं की सगळं ग्रंथालय येतं.

शेवटी सूची साध्या भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर नेली, त्याच क्लाउडमध्ये. पोस्टग्रेस आमचा आम्ही चालवतो. दर महिन्याला तो सभासद येऊन बघतो आणि चहा पितो.

हार्बर_लाइन

मी माझं "डोळे झाकून" मागे घेतो.

मानसी_परळ

सगळ्यांचे आभार. चार दिवस लागले कारण तो मुलगा लग्नात होता.

आकडा: एक बिल, सात आयटमचं, ४१२ क्वेऱ्या. तो स्वतःच ओशाळला. म्हणाला, काकू, तेव्हा मी शिकत होतो. प्रत्येक आयटमचा जीएसटीचा दर तो वेगळा विचारतोय, वर ग्राहकाचा पत्ता सहा वेळा. जीएसटी २०१७ ला आला तेव्हा घाईत जोडलेलं ते तसंच राहिलंय. दुसरं असं कळलं, की स्कॅन डेटाबेसच्या आतच आहेत. ते बाहेर काढून नुसत्या फायली म्हणून ठेवले तर डेटाबेस १५ जीबीचा उरतो.

विकणाऱ्यांना तीन प्रश्न पाठवले होते. मेंटेनन्सची वेळ आपली की यूटीसी? डिस्क कोणत्या जातीची आणि लहान करता येते का? उद्या सोडायचं झालं तर यूजर-पासवर्डसकट सगळं घेऊन जाता येईल का? पहिल्याचं उत्तर आलं, "इंडियन टाइमच असेल". दुसऱ्याचं, "हाय स्पीड". तिसऱ्यावर फोन आला, "मॅडम, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

दादा, एक राहिलं. बिलाचा अंदाज कसा बांधायचा? त्यांनी महिन्याचा एकच आकडा दिलाय.

पहाटे_चारचा_डीबीए

४१२! माझ्या मनात तीनशे होते. आठने गुणलं तर सव्वातीन सेकंद, आणि नऊ जण एकदम.

एका आकड्याचे तुकडे मागा. मशीनचं भाडं, डिस्कचं भाडं, बॅकअपची वरची जागा, बाहेर जाणारा डेटा. मग विचारा, हे एका मशीनचं आहे की जोडमशीनसकट? जोडमशीन घेतली तर भाडं जवळजवळ दुप्पट, आणि साध्या जोडीत ती दुसरी मशीन नुसती उभी असते. पहिली पडली तर मिनिट-दोन मिनिटांत काम उचलते, एरवी तिच्यावर रिपोर्टसुद्धा काढता येत नाही. घेऊ नका असं म्हणत नाही, माझ्याकडे तो मंगळवार झाल्यावर मी घेतली. नुसती किंमत माहीत असू दे. वर १८ टक्के जीएसटी, तो तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळेल. अडचण आली तर माणसाशी बोलायचा सपोर्ट प्लॅन बहुतेक वेगळा असतो, तोही विचारा. मूळ दर डॉलरमध्ये ठरतात, तेव्हा रुपया पडला की तुमचं बिलही हलू शकतं, न मागता.

मशीन रात्री-रविवारी बंद ठेवून पैसे वाचवू, असं कुणी सांगितलं तर एवढंच: आरडीएसवर बंद केलेली मशीन सात दिवसांनी आपोआप चालू होते. दिवाळीच्या सुट्टीत बंद करून गावाला गेलात तर परत येईपर्यंत मीटर फिरत असेल.

माझं मत विचाराल तर आधी त्या मुलाकडून ४१२ चे चाळीस करून घ्या. ते झाल्याशिवाय डेटाबेस ऑफिसबाहेर नेऊ नका. आणि तोवर रोज रात्री डंप काढून, कुलूप लावून, क्लाउडमध्ये नुसती फाइल म्हणून ठेवा. त्याला मॅनेज्ड डेटाबेस लागत नाही, महिन्याला एका वडापावच्या पार्टीएवढा खर्च. महिन्यातून एकदा ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, उघडते का. काकांची गिटलॅबची गोष्ट त्यासाठीच आहे.

मानसी_परळ

उघडून बघितली. पहिल्यांदा उघडली नाही, कुलपाचा पासवर्ड त्याच मशीनवर लिहून ठेवला होता. आता वहीत आहे, माझ्या पर्समध्ये.

तो मुलगा पावसाळ्याआधी क्वेऱ्या कमी करून देतो म्हणालाय. मॅनेज्ड घ्यायचं की साधी व्हर्च्युअल मशीन, ते तेव्हा बघू. तोवर पाण्याचं काय, हा प्रश्न होताच. पहिल्या मजल्यावर एक सीए बसतात, त्यांच्या ऑफिसात एक कोपरा मिळाला, महिना हजार रुपये आणि वीज. वायर जिन्यातून वर नेली. मशीन शनिवारी हलवली.

सासरे वर जाऊन बघून आले. म्हणाले, जमिनीवर का ठेवलंय? कपाट पण वर न्या.